बुडबुड्यावर बसवलेला कान

माझ्यामुळे धाकट्याचा काय काय फायदा होणार होता, ते आधीच सांगून टाकतो. म्हणजे शेवटी जमाखर्च लावताना घोळ नको. थोरल्या भावाच्या होडीतली मागची, कायम ओली असलेली बैठक सुटणार होती. ‘‘अरे, दोरी ओढतोयस की पाळणा हलवतोयस?’’ हा रोजचा टोमणा सुटणार होता. स्वतःच्या होडीचं सुकाणू स्वतःच्या हातात येणार होतं, आणि धक्क्यावर चार माणसं त्याला विचारणार होती, ‘‘काय, आज मासे कुठे आहेत?’’ एवढ्या सगळ्याचा भार मुठीएवढ्या माझ्यावर!

मित्रांनो, मी एक जुना कान आहे. मासे शोधायच्या यंत्राचा कान. यंत्राचा पडदा वर सुकाणूपाशी ऐटीत बसतो. मी खाली, लांबलचक वायरीच्या टोकाला. मी पाण्यात हाक मारतो. ती तळाला जाऊन आपटते, वाटेत मासा भेटला तर त्यालाही आपटते आणि परत येते. ती ऐकायची आणि वर कळवायची, हे माझं काम. पडदा नुसतं चित्र काढतो आणि शाबासकी खातो. घराघरांत असा एक पडदा असतोच.

कारखान्यात माझ्या पोटात एक चकती बसवली आणि वरून काळं कवच चढवलं. मग एका बाईंनी मला पाण्याच्या टाकीत बुडवून तपासलं आणि त्या म्हणाल्या, ‘‘हा चांगलं ऐकतो.’’ ते कौतुक मी अजून जपून ठेवलं आहे. माझी पहिली नोकरी एका मोठ्या होडीवर होती. मागच्या फळीला बाहेरून, इंजिनाच्या पंख्याच्या फेसापासून दूर, दोन स्क्रूंवर मला बसवलं होतं. पोटाखालून पाणी सळसळत जायचं. खडक टणक उत्तर द्यायचा, चिखल मऊ. किती सुखाचे दिवस होते ते! पुढे त्या होडीला नवं यंत्र आलं, आणि मी पडद्यासकट इंजिन-मिस्त्रीच्या फडताळात गंजक्या नटांच्या शेजारी जाऊन पडलो.

तिथून मला धाकट्याने उचललं. म्हणजे उचललं त्याने, पण बदल्यात मिस्त्रीच्या घरी गेलं ते त्याच्या बायकोचं शिलाई मशीन. मिस्त्रीच्या मुलीला ते हवंच होतं. मशीन उचलून नेताना धाकटी त्याचं चाक एकदा हाताने फिरवून म्हणाली, ‘‘एका हंगामाचा तर प्रश्न आहे. मग दुसरं घेऊच.’’ धाकटा म्हणाला, ‘‘दुसरं? दोन घेऊ!’’

मला बसवायच्या दिवशी थोरला मुद्दाम बघायला आला. हात मागे बांधून होडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, ‘‘मागच्या फळीला बाहेरून लाव. दोन स्क्रू मार, भोवती सीलंट भर, झालं.’’

मित्रांनो, हे शब्द दुसऱ्या कुणी उच्चारले असते, तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं. पण ते थोरल्याने उच्चारले.

‘‘माझ्या नव्या होडीला भोक?’’ धाकटा उसळला. ‘‘मुळीच नाही. मी याला आतून चिकटवणार. फायबरच्या तळातून आवाज जातो.’’

‘‘जातो की. पण चिकटवणाऱ्याचे हात बघून जातो.’’

धाकटीने माझ्याबरोबर आलेला कागद वाचला होता. ती म्हणाली, ‘‘अहो, यात म्हटलंय, आधी पाण्याची पिशवी तळावर ठेवा, तिच्यात याला धरा, नीट ऐकू येतंय का बघा, मगच चिकटवा. आणि गोंदाचं मिश्रण सावकाश ढवळा.’’

‘‘पिशव्या भरत बसू? हा समोर उभा आहे ना माझं हसं व्हायची वाट बघत!’’

आणि त्याने एपॉक्सीच्या गोंदाचं मिश्रण असं घुसळलं, जणू ताकातून लोणी काढायचं आहे. सगळं मिश्रण बुडबुड्यांनी फसफसलं. ते त्याने होडीच्या तळावर ओतलं आणि मला वरून दाबलं. हलवून हवा बाहेर काढायची असते, पण थोरल्यापुढे हात थरथरलेला दिसायला नको ना! गोंद घट्ट झाला. माझ्या तोंडाखाली एक चपटा, वाटोळा बुडबुडा अडकला, आणि त्याच्या डोक्यावर मी.

आवाज पाण्यातून धावतो, फायबरमधून वाट काढतो, पण हवेपुढे त्याचं काही चालत नाही. मी हाक मारली की ती बुडबुड्याला थडकून लगेच माझ्याच तोंडावर परत यायची. वर फळ्या, भोवती गोंद, खाली हवा आणि तिच्याखाली बोटभर अंतरावर अख्खं पाणी. मला त्याचा गारवा कळायचा, पण बोलणं कळायचं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. बिचाऱ्या बुडबुड्यालाही बाहेर जायचं होतंच की.

पहिल्या दिवशी पडदा ठिपक्यांनी गच्च भरला. धाकटा धक्क्यावर ओरडला, ‘‘मासे इतके आहेत की तळ दिसेना!’’

जाळं आलं ते रिकामं. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी त्याने पडदा बंद करून पुन्हा चालू केला, फडक्याने पुसला, मग हळूच फळी उचलून माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं, मित्रांनो. पण मला काढायचं म्हणजे छिन्नी लावायची, म्हणजे होडीला भोक. आणि त्याहून वाईट, थोरल्याला कळणार. त्याने फळी परत ठेवली. झाकली मूठ सव्वा लाखाची! त्या दिवसापासून आम्ही दोघेही चिकटलेले होतो. मी गोंदात आणि तो शब्दात.

मग तो लांबून थोरल्याच्या मागे मागे जाऊ लागला. थोरला जिथे जाळं टाकेल, त्याच्या बाजूला हा. एकदा पाण्यावरूनच आवाज आला, ‘‘काय रे, यंत्र तुझ्या होडीत आहे की माझ्या?’’ धाकट्याने ऐकू न आल्यासारखं केलं. मलाही तेवढं तरी जमलं असतं!

एका सकाळी दाट धुकं पडलं. हाताखालचा गडी कधीच सोडून गेला होता, म्हणून धाकटी होडीत होती. किनाऱ्याकडे परतताना नाकासमोरचं दिसेना. आकडे रोज नाचायचे, पण त्या दिवशी पडद्यावर नऊ मीटर हा आकडा खिळल्यासारखा उभा होता. बुडबुड्याला थडकून परत आलेली माझीच हाक होती ती, पण हे त्यांना सांगणार कोण?

धाकटी पुढे बसून बांबू पाण्यात घालत होती. ‘‘अहो, बांबू टेकतोय!’’

‘‘यंत्र नऊ म्हणतंय.’’

‘‘यंत्राला काय, ते रोजच काहीतरी म्हणतं. मी म्हणतेय ना, टेकतोय!’’

त्याने यंत्राचं ऐकलं. का, ते मला ठाऊक आहे. इतके दिवस जगापुढे त्याला खरं म्हटल्यावर बायकोपुढे खोटं कसं म्हणणार?

खडक आला. होडी करकरली, आणि माझ्या पोटाखाली तळ तडकला. बुडबुडा फुटून वर पळाला, त्याच्या जागी पाणी भरलं आणि मित्रांनो, कित्येक दिवसांनी मी हाक मारली तेव्हा खडकाने उत्तर दिलं! टणक, ओळखीचं. मी ते जिवाच्या आकांताने वर कळवलं. पडद्यावर ‘एक’ उमटलं.

धाकट्याने ते पाहिलं. पाणी त्याच्या घोट्यापर्यंत आलं होतं. ‘‘आत्ता?’’ तो म्हणाला. ‘‘आत्ता बोलतोस होय रे?’’

धाकटीने डबा घेऊन पाणी उपसायला सुरुवात केली होती. ‘‘त्याला नंतर बोला. आधी भाऊजींना हाक मारा.’’

माझ्याइतकाच तोही अडकला होता. मग तो डोळे मिटून ओरडला, ‘‘दादा!’’

धुक्यातून उत्तर लगेच आलं. थोरला लांब नव्हताच. हल्ली हा आपल्या मागे येतो, म्हणून तोच वेग कमी ठेवायचा, हे नंतर कळलं. पाण्यात पसरलेलं जाळं कापून टाकून तो आला, दोर टाकला आणि भगदाडाकडे बघून एवढंच म्हणाला, ‘‘चला, भोक तर पडलं. आता स्क्रू मारायला लाजू नकोस.’’

होडीची डागडुजी करताना मला छिन्नीने काढलं. वायर कापली. गोंदाचा गोळा अजून अंगाला आहे. आता मी घरात असतो, खिडकीपाशी, मशीनच्या चार पायांचे ठसे राहिलेल्या टेबलावर. वाऱ्याने कापड उडू नये म्हणून धाकटी मला त्यावर ठेवते. वजन म्हणून मी चांगला आहे. ऐकू मात्र काही येत नाही.

मित्रांनो, एखाद्याला कायमचं कुठे चिकटवण्याआधी एकदा पाण्यात धरून ऐका. आणि चिकटवलंच असेल चुकीचं, तर लवकर काढा. छिन्नी तेव्हा लहान लागते.

आता जमाखर्च. डागडुजीचे पैसे फिटेपर्यंत धाकटा पुन्हा थोरल्याच्या होडीत, त्या ओल्या बैठकीवर आहे. टोमणा चालू आहे, पण हल्ली त्यावर दोघेही हसतात. थोरल्याचं जाळं गेलं. तो त्याविषयी बोलत नाही, म्हणजे घरी थोरली बोलत असणार. बुडबुडा सुटला, तेवढा एकच नफ्यात. आणि जिने आधी ऐकून बघा म्हटलं होतं, ती हाताने टाके घालते, सुई बोटात गेली की बोट तोंडात धरते आणि पुन्हा टाके घालते. बाकी सगळ्यांनी थोडं थोडं भरलं. तिने पूर्ण भरलं, आणि तेही आगाऊ.