दुसऱ्या ओळीतली चौथी

“हा घ्या, ताई. डोळे झाकून घ्या,” म्हणत म्हाताऱ्या फोटोग्राफरनं टेबलावरच्या लहान एन्लार्जरवरचा फडका ओढला. “निगेटिव्हवरून घरच्या घरी फोटो मोठे करायला यासारखा दुसरा नाही. खांब काढा, डोकं काढा, पेटीत भरा आणि पलंगाखाली सारा. पाच मिनिटांत बाथरूम मोकळं.”

‘बाथरूम मोकळं’ एवढंच ऐकून तिच्या नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. घरात बाथरूम एकच, आणि दर रविवारी सकाळी त्याची डार्करूम होणार हे कळल्यापासून त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यानं खिशातली मोजपट्टी काढली, पेटी मोजली आणि “बसतंय,” असं जाहीर केलं. जन्मभर घरोघरचे पाण्याचे मीटर वाचून निवृत्त झालेला माणूस. मोजल्याशिवाय त्याचा कशावर विश्वास बसत नसे.

एन्लार्जर घेण्याची ही तिची पहिलीच वेळ. पण अंधारातल्या कामाला ती नवखी नव्हती. तिनं भिंग काढून खिडकीकडे धरलं आणि आत बुरशीचे धागे नाहीत ना, ते पाहिलं. खांबाला बोटानं धक्का देऊन तो किती वेळ थरथरतो ते पाहिलं. मग दिवा लावून खालच्या पाटावर पडलेला उजेड कडेला मंद होतो का, ते तपासलं. म्हातारा बघतच राहिला.

“यातल्याच दिसता तुम्ही.”

“एक्स-रेची. सत्तावीस वर्षं फिल्म धुतल्या. पण आमच्याकडे जेवढं हाड तेवढीच फिल्म. मोठं करायची वेळ कधी आली नाही.”

मग तिनं पर्समधून एक पाकीट काढलं आणि त्यातल्या बटरपेपरच्या घडीतून एक निगेटिव्ह अलगद बाहेर काढली. पोस्टकार्डाच्या निम्म्याएवढी, जुनी, रुंद. लहान एन्लार्जरच्या चौकटीवर ती धरली, तर निम्मीअधिक बाहेर.

“एवढी मोठी?” म्हातारा म्हणाला. “मग हा गेला.”

नवऱ्यानं मोजपट्टी मुकाट्यानं खिशात टाकली.

इस्पितळात तिला सगळे फिल्मबाई म्हणत. खरं नाव पगारपत्रकापुरतं. डार्करूमच्या काळोखात कुठली टाकी कुठे, कुठला चिमटा कुठल्या खिळ्याला, हे तिच्या हातांना पाठ होतं. मग संगणकावर एक्स-रे दिसू लागले, टाक्या भंगारात गेल्या, डार्करूममध्ये झाडू-फिनेल ठेवायला लागले आणि फिल्मबाईंना केसपेपरच्या खिडकीवर बसवण्यात आलं. तिनं तक्रार केली नाही. फक्त पहिले काही महिने, ट्यूबलाइटच्या उजेडात डोळे चुरचुरतात, असं ती घरी सांगायची.

ती निगेटिव्ह दादाच्या ट्रंकेत सापडली होती. दादा तिच्याहून सात वर्षांनी मोठा. आई तापानं गेली तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि तो नऊ. वडील पाळीवर जायचे; तिला भरवणं, तिचे केस विंचरणं, तिला शाळेत पोचवणं, सगळं दादानं केलं. आई सुताच्या कारखान्यात कामाला होती. तिथे एकदाच सगळ्या बायकांचा मिळून फोटो काढला होता. तीन ओळी, चौतीस बायका. आईचा तेवढाच एक फोटो. लहानपणी ती विचारायची, “यातली आई कुठली?” आणि दादा बोट ठेवायचा, “दुसऱ्या ओळीतली चौथी.” मसुरीच्या दाण्याएवढा चेहरा. हसतोय एवढंच कळायचं. पुढे एकदा छत गळलं आणि फोटोचा लगदा झाला. पण मागच्या वर्षी दादानं मुलाकडे राहायला जाताना घर रिकामं केलं, तेव्हा ट्रंकेच्या तळाशी ही निगेटिव्ह निघाली.

तिनं आधी ती रस्त्यावरच्या दुकानात नेली. तिथल्या पोरीनं संगणकावर चेहरा मोठा केला, ‘क्लीन’ केला आणि गुळगुळीत कागदावर छापून दिला. दुधासारखे दात, भुवया कोरलेल्या, कातडीवर डाग म्हणून नाही. साबणाच्या वेष्टनावरची बाई दिसावी तशी. दादाला दाखवला, तर तो बराच वेळ चष्मा पुसत बसला. “मशिनचं काम. मी काय सांगू?” म्हणाला. आणि थोड्या वेळानं, “राहू दे गं. कशाला उगाच?”

पण तिच्या मनानं घेतलं होतं. यंत्रानं काही बनवायचं नाही, पुसायचं नाही. निगेटिव्हमधून उजेड सरळ कागदावर पाडायचा आणि जे असेल ते बघायचं.

म्हाताऱ्यानं कोपऱ्यातली चादर ओढली. मोठा एन्लार्जर माणसाच्या छातीपर्यंत येणारा, करडा, लोखंडी. डोक्याखाली चामड्याचा भाता, खांब मनगटाएवढा जाड. उचलायला दोघे लागले असते.

“यात बसेल तुमची निगेटिव्ह. पण हा घरात ठेवायचा नग नाही, आधीच सांगतो. स्टुडिओत तीस वर्षं जागचा हलला नाही.”

“आणि आम्ही आंघोळ कुठे करायची?” नवरा म्हणाला. “याच्या डोक्यावर पाणी ओतून?”

“अहो, थांबा जरा.” तिनं निगेटिव्ह चौकटीत सरकवली. बसली. दिवा लावला, डोकं अगदी वरपर्यंत चढवलं. खालच्या पाटावर चौतीस बायका उमटल्या; चेहरा फार तर बोराएवढा. तिच्या कपाळावर आठी पडली. “एवढाच?”

“केवढा हवाय?”

तिनं तळहात पसरून दाखवला.

म्हातारा हसला. खांबाच्या टोकाशी एक चाक सैल करून त्यानं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि आडवं फिरवलं. चित्र पाटावरून उठलं, टेबलावरून घसरलं आणि समोरच्या भिंतीवर जाऊन मोठं थोरलं पसरलं.

“याची मान वळते,” तो म्हणाला. “भिंत जेवढी लांब, चित्र तेवढं मोठं.”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं एक सुस्कारा सोडला, मोजपट्टी पुन्हा बाहेर काढली आणि भिंगापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं. मग डोळे मिटून मनातल्या मनात घरचं बाथरूम उलगडलं. लांबट, बोळासारखं, एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला दार.

“खिडकीखाली ठेवला तर दारावर पडेल,” तो म्हणाला. “सव्वादोन मीटर. पण दर रविवारी उचलून ठेवायचा कुणी?”

“तुम्हीच सांगा.”

“सांगतो.” घरी आणल्यावर आठवडाभर ठोकाठोक करून त्यानं त्याच्याखालच्या फळीला चार चाकं बसवली. मोठा एन्लार्जर दिवाणखान्यात कपाटाशेजारी, टेबलक्लॉथ पांघरून उभा राहिला. येणारे-जाणारे विचारायचे, “हे काय?” तो म्हणायचा, “पाहुणे आहेत. रविवारी आंघोळीला जातात.”

रविवारी सकाळी दहा वाजता दादा आला. यायला तयार नव्हता. गुडघा दुखतो म्हणाला, सून बाहेर जाणार आहे म्हणाला. शेवटी तिनं फोनवर दटावलं, “तू नाहीस तर मी कुणाला दाखवू?” तेव्हा आला.

खिडकीवर काळं प्लास्टिक, त्यावर जाड पांघरूण. दाराच्या फटीत ओला टॉवेल. दोन उपड्या बादल्यांवर फळी आणि फळीवर तीन ट्रे. नळाशेजारी स्टुलावर दादा. तिनं दार लावलं, लाल दिवा लावला, आणि बऱ्याच वर्षांनी तिचे खांदे सैल पडले. बाहेर नवरा खुर्ची टाकून पहाऱ्याला बसला. “कुणी दार उघडलं तर माझ्या नावानं बोंब मारू नका,” असं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं.

एन्लार्जरचा दिवा लागताच दारावर बाई उमटली. काळा चेहरा, पांढरेफेक केस.

“हे काय गं भूत!” दादा मागे सरकला.

“निगेटिव्ह आहे, दादा. उलटंच दिसणार.”

तिला ते उलटं वाटलंच नव्हतं. तिनं चाक फिरवून डोळ्यांच्या कडा धारदार केल्या, दिवा घालवला आणि कागद टाचण्यांनी दारावर लावला. आधी कागदाच्या एका पट्टीवर किती वेळ उजेड द्यायचा त्याचा अंदाज घेतला. मग पूर्ण कागदासाठी दिवा लावून इस्पितळात मोजायची तशी, ओठांतल्या ओठांत नव्वदपर्यंत मोजलं.

“ये, बघ,” ती म्हणाली आणि तिनं कागद पहिल्या ट्रेत सोडला.

आधी काहीच नाही. मग केस आले. मग डोळ्यांच्या जागी दोन सावल्या, नाकपुड्या, उघडं तोंड. चेहरा तळहाताएवढा, खाली मान, खांदे. ती ट्रे हलवत राहिली आणि हलवता हलवता तिचा हात थांबला.

पोरगी खदखदून हसत होती. पुढचा एक दात अर्धा तुटलेला. गाल अजून भरायचे होते, मान काडीसारखी, अंगावरचे कपडे मोठ्या बहिणीचे मागून आणल्यासारखे सैल. हजारो माणसं तिनं एक्स-रेच्या टेबलावर सरळ केली होती; वय सांगायला तिला केसपेपर लागत नसे.

“दादा, फोटो काढला तेव्हा आई केवढी होती?”

दादानं चष्मा काढून पुसायला घेतला.

“दादा.”

“असेल तिशीची.”

“ही सोळा-सतराची आहे.”

नळाचा एक थेंब पडला, आणखी एक पडला. तिनं कागद चिमट्यानं उचलून दुसऱ्या ट्रेत घातला, तिथून चित्र पक्कं करणाऱ्या हायपोत. हात आपसूक चालत होते.

“दार उघड,” दादा म्हणाला.

“नाही उघडता येत. कागदाचा डबा उघडा आहे.”

ते खरं होतं. डब्याला झाकण लावायला दोन सेकंद लागले असते, हेही खरं होतं.

दादा गुडघ्यावर हात दाबून बसला. लाल उजेडात त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसतं टक्कल दिसत होतं.

“तू रोज विचारायचीस,” तो म्हणाला. “यातली आई कुठली, यातली आई कुठली. मला सांगता येईना. एवढे एवढेसे तोंडाचे ठिपके सगळ्यांचे. बाबांना विचारलं, तर ते उठून बाहेर गेले. मग एक दिवस तू रडायलाच लागलीस, म्हणून मी बोट ठेवलं. ही हसत होती. म्हटलं, हसणारी बरी.”

“आणि नंतर?”

“नंतर तू शाळेत सांगितलंस, शेजारी सांगितलंस. कसं काढून घेऊ?”

“पंचावन्न वर्षं, दादा!” तिचा आवाज चढला. “नोकरी लागली तेव्हा मी हिला सांगितलं. माझं बाळ गेलं तेव्हा हिच्याजवळ रडले. मनातल्या मनात. हीच डोळ्यांपुढे असायची.”

“ठाऊक आहे गं.”

“तुला आई आठवत होती ना? नऊ वर्षांचा होतास तू!”

“आठवते की.” तो घाईघाईनं म्हणाला. “पाळीवरून यायची तेव्हा केसांत सुताचे तुकडे अडकलेले असायचे. मी मागे उभा राहून एकेक वेचून काढायचो. आवाज आठवतो. चालणं आठवतं. पण तोंड... आपण तिघं एका अंथरुणावर झोपायचो. तू तान्ही. ती तुझ्याकडे तोंड करून झोपायची. माझ्याकडे तिची पाठ. ती पाठ मी आजही ओळखेन, शंभर जणींत. तोंड तू पाहिलंयस, बाई. मी नाही.”

ती तशीच उभी राहिली. हायपोतला कागद हलवायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. तिला काहीच आठवत नव्हतं. आठवावं म्हणून तिनं डोळे मिटले, तरी काही आलं नाही. लाल दिव्याखाली दादाचे हात मांडीवर पडले होते, जाड बोटांचे, नखं वेडीवाकडी कापलेली. याच हातांनी त्यानं तिच्या वेण्या घातल्या होत्या. नऊ वर्षांच्या पोरानं. त्याला कुणी विचारलं होतं, की तुला काय हवंय?

बाहेरून दारावर टकटक झाली. “अजून किती? मला आत यायचंय. निकड आहे.”

“शेजारी जा!” दोघेही एकदम ओरडले, आणि मग दादाला हसू फुटलं. हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले.

तिनं पोरीचा फोटो नळाखाली धरला. तुटका दात, भरायचे राहिलेले गाल. पाणी वाहत होतं आणि पोरगी हसतच होती.

“या चौतिसांत आई आहे, एवढं तरी नक्की ना?”

“आहे. घरी येऊन सांगितलं होतं तिनं. फोटो काढला म्हणून.”

“मग सगळ्यांचे काढू.”

“आणि नाही ओळखू आली तर?”

“तर नाही आली.” तिनं चौकट बोटभर सरकवली. दारावर दुसरीच बाई येऊन उभी राहिली.

त्या दिवशी आणखी तिघी झाल्या. पहिलीकडे बघून दादा लगेच म्हणाला, “नाही.” दुसरीला वेळ लागला, “नसावी.” तिसरी पोक्त होती, कपाळावर उन्हानं आठ्या, ओठ घट्ट मिटलेले. तिच्याकडे तो ट्रेवर वाकून वाकून पाहत राहिला. “पाठमोरी असती तर सांगितलं असतं,” एवढंच म्हणाला. तिनं घाई केली नाही. बाकीच्या तीस जणींसाठी पुढचे रविवार पडलेले होते.

दुपारी एक वाजता तिनं डब्याला झाकण लावलं आणि दार उघडलं. नवरा एका हातानं पाहुण्यांची गाडी बाहेर ओढत, दुसऱ्या हातानं त्या दोघांना बाजूला सारत आत घुसला. गॅलरीत लख्ख ऊन होतं. कपड्यांच्या दोरीवर तिनं चौघींना चिमटे लावून टांगलं आणि हात पुसायला आत गेली.

बाहेर आली तेव्हा दादा दोरीपाशी उभा होता. ओल्या कागदांच्या खालच्या कडांना पाणी जमून थेंब लोंबत होते. त्यानं खिशातला रुमाल काढला होता आणि एकेक थेंब तो टिपत होता. आधी त्या सतरा वर्षांच्या पोरीच्या हनुवटीखालचा, मग ओळीनं तिघींचा. चेहऱ्याला धक्का लागू नये म्हणून कागद त्यानं पाठीमागून अलगद धरला होता.