नेसतं लुगडं

"आजी, त्या बाईनं नाक दाबलं," विमानातल्या शेजारच्या रांगेकडे पाहत दामिनी कुजबुजली.

"दाबू दे. आपल्याले का तिच्या नाकात राहाचं हाय?" गोकुळाबाई म्हणाली आणि मांडीवरच्या पिंटूच्या मुठीतून पदर सोडवू लागली. तीन वर्षांचं पोरगं, पण झोपेतही पकड सोडेना.

नाक दाबणाऱ्या बाईचंही काही चुकलं नव्हतं. गोकुळाबाई चिमूरकडच्या एका तलावाकाठची. नवरा मुखरू जाळं टाकायचा, ती बाजारात मासे विकायची. अंगावरचं हिरवं लुगडं ती आठवडाभर अंघोळ करून पुन्हा तेच नेसत होती. मासळी, चूल आणि खोबरेल, सगळ्यांचा मुक्काम त्यात होता. विमानात बसायला तरी चांगलं नेस म्हणून मुखरूनं डोकं खाल्लं होतं. नवं जांभळं लुगडं पिशवीत तसंच घडीत होतं. पण गोकुळाबाईचं एकदा ठरलं की मुखरूचं काही चालत नसे.

त्यांच्या मोहल्ल्यात पोराचं दूध तोडायचं तर आई चार दिवस शेजारच्या घरी निजायची आणि तिचं नेसतं लुगडं पांघरून आजी पोराला जवळ घ्यायची. पोर वासावर निजायचं. वास उतरेपर्यंत त्याला आजीची सवय झालेली असायची.

जावई दिनेश सूरजागडच्या रस्त्यावर अपघातात गेला. मग नर्सिंग शिकलेल्या लेकीनं, रीतानं, आयर्लंडची नोकरी धरली. तेव्हा पिंटू अंगावर पीत होता. जाताना तिनं नेसती साडी मागे ठेवली आणि गोकुळाबाई ती पांघरून निजू लागली. पुढे साडीचा वास गेला आणि पोरगं गोकुळाबाईचं झालं. आता तो तिलाच माय म्हणायचा आणि फोनवरच्या आईला, सगळे म्हणतात तसं, रीता.

आता रीतानं थोरल्या दामिनीला आणि पिंटूला कायमचं तिकडे बोलावलं होतं. पोरगं परत द्यायचं होतं. महिनाभर राहून गोकुळाबाई एकटी माघारी येणार होती. तोवर त्यानं आईला धरलंच नाही तर? या एका काळजीनं तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आणि धरलं तर आपलं काय होईल, तेही तिला ठाऊक होतं. तो कुशीत नसला की आताशा तिचा डोळा लागत नसे.

दोहाला विमान बदललं. संडासातल्या पाण्याच्या आवाजाला भिऊन पिंटू आत जाईना. शेवटी दामिनीनं त्याचे कान दाबून धरले, तेव्हा काम झालं. दामिनीनं स्वतः लोण्याच्या वड्या मिठाई समजून खाल्ल्या आणि डब्लिन येईपर्यंत पोट धरून बसली.

उतरल्यावर रांग सरकत सरकत पासपोर्ट तपासणीच्या काचेपाशी आली. आतल्या साहेबानं पिंटूकडे पाहून काहीतरी विचारलं. पिंटू गोकुळाबाईच्या गळ्याला मिठी मारून म्हणाला, "माय."

दामिनीनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, ही आजी आहे, आई बाहेर उभी आहे. साहेब हसला. गोकुळाबाईला हसू आलं नाही.

सामान मिळाल्यावर ती बायकांच्या संडासाकडे वळली. "दामिनी, याले धर. मी लुगडं बदलून येतो."

"आता काऊन?"

"धर म्हनलं ना."

आत तिनं हिरवं लुगडं फेडून पिशवीत भरलं आणि जांभळं नेसलं. बाहेर येऊन नळाशी तिथल्या साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, गळा धुतला. पिंटूनं धावत येऊन पदर धरला, नाकाला लावला आणि सोडून दिला. मग त्यानं असा टाहो फोडला की बायका वळून पाहू लागल्या. गोकुळाबाई त्याला उचलून तशीच चालू लागली.

दारापलीकडे जाड निळ्या कोटात रीता उभी होती. दामिनी "आई!" करत सुसाट गेली. रीतानं तिला कवटाळलं आणि मग दुसरा हात पिंटूकडे केला. त्यानं तोंड फिरवलं.

"रीता नाई! नाई!"

रीताचा हात तसाच राहिला. "माय, हा मले ओळखतच नाई वो."

"कोट काढ."

"इथी? सगळे पाहून राह्यले ना."

"पाहू दे. काढ म्हनतो."

गोकुळाबाईनं पिशवीतलं हिरवं लुगडं उलगडलं आणि लेकीच्या डोक्याखांद्यावरून गुंडाळलं. रीतानं श्वास घेतला मात्र, तिचे डोळे भरून आले. "धुतलं नाई?"

"तुह्यासाठीच नाई धुतलं. तू बी धुऊ नोको. आन् रात्री याले जवळ घेऊन नीज. मी तिकडे दुसऱ्या खोलीत राहीन."

तिनं पिंटूला लेकीच्या हातात दिलं. तो रडतच होता. रडता रडता त्याच्या हाताला काठ लागला. त्यानं तो ओढला, हुंगला, मुठीत घेतला आणि हुंदके देत मान रीताच्या खांद्यावर टाकली. थोड्या वेळानं हुंदकेही थांबले. रीता हलायलाही भीत होती.

"चाल आता," गोकुळाबाई म्हणाली. "झोपला तो."

रीता पुढे, कोट सांभाळत दामिनी तिच्या बाजूला. गोकुळाबाई सामानाची गाडी ढकलत मागून निघाली. सवयीनं ती हळू चालत होती, पदर धरून चालणाऱ्याच्या पावलानं. थोडं अंतर गेल्यावर तिच्या ते ध्यानात आलं. मग तिनं नवा पदर कमरेला खोचला आणि पाऊल उचललं.