दहा रेघांची बरकत

मी एक मिलिलिटरची इन्सुलिनची सिरिंज बोलते आहे, आणि आरंभीच कबूल करते की मी संतापलेली आहे. माझ्या बहिणी एकदा टोचल्या जातात आणि फेकल्या जातात. मला मात्र इजिप्तमधल्या दमनहूरच्या या औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट डॉक्टर इनासबाईंनी सुई काढून शिकवणीसाठी ठेवून घेतले. करकदेचे, म्हणजे जास्वंदीच्या सरबताचे, लाल पाणी माझ्यात भरायचे आणि गिऱ्हाइकाला दाखवायचे: एवढे घ्या, याहून थेंबभरही अधिक नको. चार वर्षे माझे हेच काम आहे.

माझ्या अंगावर शंभरापर्यंत आकडे आणि पन्नास रेघा आहेत. म्हणजे एक रेघ दोनाची. अर्ध्या मिलिलिटरच्या सिरिंजवरही पन्नासच रेघा असतात, पण तिथे एक रेघ एकाची. हा भेद डोळ्यांना दिसतो, परंतु इथल्या जिभेवर तो नाही. या गावात आकडा कुणी उच्चारत नाही. सगळे ‘शर्ता’ मोजतात. शर्ता म्हणजे रेघ. डॉक्टर म्हणतात, दहा शर्ता. परिचारिका म्हणते, दहा शर्ता. कोणत्या सिरिंजवरच्या, हा प्रश्न मात्र कुणाला पडत नाही. शब्द सैल झाला की मापही सैल होते, हे मी कुणाला आणि कोणत्या तोंडाने सांगू?

नऊ वर्षांच्या रिताजची उंची वाढत नव्हती. तिला वाढीच्या संप्रेरकाची सुई रोज घ्यायची होती. औषध भुकटीच्या रूपात येते: एका कुपीत चार मिलिग्रॅम. त्यात एक मिलिलिटर पाणी काचेच्या कडेने हळूच सोडायचे, कुपी हलकेच फिरवायची, घुसळायची नाही. रिताजची मात्रा होती शून्य पूर्णांक आठ मिलिग्रॅम. म्हणजे कुपीचा पाचवा भाग, शून्य पूर्णांक दोन मिलिलिटर. माझ्यावर ती जागा विसाच्या आकड्याशी येते. रेघा मोजल्या, तर दहा. तिच्या आईने, सबाहने, एवढेच ध्यानात ठेवले: दहा शर्ता.

तीन महिन्यांत मुलगी दोन सेंटिमीटर वाढली. मग बाजारात माझ्या जातीच्या सिरिंजा मिळेनाशा झाल्या, आणि इनासबाईंनी अर्ध्या मिलिलिटरचा खोका एक अक्षरही न बोलता सबाहच्या हाती दिला. मी शेजारीच होते.

त्यानंतर सबाह दर खेपेला आनंदाने सांगू लागली, “कुपीला बरकत आली बघा! पाच दिवसांत संपायची, आता दहा दिवस पुरते.” आणि काउंटरपाशी उभे असलेले सगळे म्हणत, “माशाल्ला!” इनासबाईही म्हणत. तीन महिने मी ते ऐकले.

एके सकाळी सबाह रडवेली होऊन आली.

“डॉक्टरीणबाई, मंगळवारी औषध मंजूर करणाऱ्या समितीपुढं उभं राहायचंय. या तीन महिन्यांत अर्धा सेंटिमीटरसुद्धा वाढली नाही पोर. औषध लागू पडत नाही म्हणतील आणि बंद करतील!”

“रोज टोचतेस ना?”

“एक दिवस चुकवला नाही. बिस्मिल्ला म्हणून भरते, म्हणून तर कुपी दुप्पट पुरते.”

इन्सुलिन न्यायला आलेले हाज फरगली हसले. “मग माझ्या बाटलीवरही म्हण की गं बाई, बिस्मिल्ला!”

इनासबाई हसल्या नाहीत. “उम्म रिताज,” म्हणजे रिताजच्या आई, त्या म्हणाल्या, “औषधाला बरकत नसते. सिरिंज दाखव.”

सबाहने पिशवीतून सिरिंज काढली. बाईंनी तिच्यात आणि माझ्यात दहा-दहा रेघा लाल पाणी भरले आणि आम्हांला दोन चमच्यांत रिते केले. एका चमच्यात दुसऱ्याच्या निम्मेच पाणी होते.

“अर्धंच?” सबाह खाली बसली. “पण मी तर दहा शर्ता…”

“तीस वर्षं शर्ताच मोजतोय आम्ही,” हाज पुटपुटले, “मेलो का?”

“तुम्ही गप्प बसा, हाज! चूक माझी आहे. खोका मी दिला, सांगितलं काहीच नाही.”

बाईंनी समितीला पत्र लिहिले: “औषध निष्फळ ठरलेले नाही, ते निम्मेच दिले गेले. चुकीची जबाबदारी माझी.” खाली सही केली. मग सबाहकडून दहा वेळा माझ्यात पाणी भरून घेतले, आणि दर वेळी विचारले, “किती?” अकराव्या खेपेला सबाह स्वतःच म्हणाली, “शून्य पूर्णांक दोन मिलिलिटर.”

बुधवारी ती परत आली. समितीने औषध आणखी तीन महिने चालू ठेवले होते. तिच्या हातात नवा कागद होता, आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते: रोज दहा शर्ता.

“मी तिथंच विचारलं, कोणत्या सिरिंजवरच्या?” सबाह म्हणाली. “तर म्हणतात कसे, बाई, पुढं व्हा, मागं रांग आहे.”

“मग?”

“मग काय, नाही झाले पुढं. मात्रा मिलिलिटरमध्ये लिहून घेतली तेव्हाच हलले. हे बघा, खाली कोपऱ्यात.”

वाचकहो, तुम्हांलाही कुणी रेघा सांगून पुढे व्हायला सांगेल. कृपा करून होऊ नका.