पाव सेकंदाचा पाहुणचार

मी एक जुनी पोलादी फळी आहे, मित्रांनो, आणि माझा मुक्काम जमिनीत आहे. दाराशी पायपुसणे असते ना, साधारण तेवढा माझा आकार. कागदोपत्री माझे नाव 'फोर्स प्लेट'. माझ्यावर पाय पडला, की तो किती जोराने पडला ते मी सांगते. माझ्यावर कोणी बसत नाही, कोणी निजत नाही. लोक पळत येतात, एक पाऊल टेकवतात आणि निघून जातात. ते पाऊल माझ्याकडे राहते जेमतेम पाव सेकंद. तेवढ्यात पाहुणचारही करायचा आणि पाहुण्याची सगळी खबरही काढून घ्यायची, हे माझे काम.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या चार कोपऱ्यांखाली मुठीएवढे चार डबे बसवले. वरून दाब आला, की ते कोणाला दिसणार नाही इतके दबतात आणि तारेतून इशारा पाठवतात. चौघांच्या इशाऱ्यांची बेरीज म्हणजे माझे उत्तर. मला घडवणारी कारागीर बाई मोठी कडक होती. तिने माझ्या अंगावर वजने ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली आणि म्हणाली, "केसभर जरी चुकलीस, तरी तुला इथून हलू द्यायची नाही मी." मी चुकले नाही. मग मला भुशात ठेवून एका प्रयोगशाळेत पाठवण्यात आले.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबलचक खोली. मधोमध पळायची पट्टी आणि दोन्ही भिंतींवर कॅमेरे. पट्टीच्या मध्यावर जमिनीत एक चौकोनी खड्डा करून मला त्यात बसवले. माझ्या चारही बाजूंनी नाण्याच्या जाडीची फट ठेवली होती. ही फट लक्षात ठेवा, मित्रांनो. मी आजूबाजूच्या जमिनीला कुठेही टेकले, तर माझ्यावरचे थोडे ओझे जमीन परस्पर उचलते आणि माझे उत्तर कमी भरते. वरून मला पट्टीच्याच रंगाचे रबर चिकटवले होते, कारण मी दिसले की पळणारे मला नेमके गाठायला बघतात, शेवटचे पाऊल आखडतात, आणि मग ते त्यांचे खरे पळणे राहत नाही. माझ्या नशिबी असे लपून राहणेच आले.

माझी देखभाल ज्यांच्याकडे होती, त्यांना सगळे काका म्हणत. सकाळी आले, की ते बूट काढून मोज्यांवर माझ्या बरोबर मध्यभागी उभे राहत. दहा सेकंद श्वास रोखत. पडद्यावर त्यांचे वजन उमटे, ते वहीत लिहीत आणि म्हणत, "शहात्तर. म्हातारी शुद्धीवर आहे." म्हातारी म्हणजे मी. तेव्हा मला अवघी सहा वर्षे झाली होती, पण त्यांच्या तोंडी तो शब्द मला आवडे. प्रमाणित वजने कपाटात होती. पण ती जड, शिवाय कपाटाची किल्ली कुठे आहे हे काकांना रोज नव्याने शोधावे लागे. त्यापेक्षा स्वतःचे वजन बरे, ते कायम जवळ असते.

त्या वर्षांत माझे फार कौतुक झाले. धावपटू आले, शाळकरी मुली आल्या, सत्तरीचे एक आजोबा टोपी सांभाळत आले. शांतपणे पळणारा माणूससुद्धा माझ्यावर आपल्या वजनाच्या अडीच पट भार टाकतो, हे मी त्यांना सांगितले तेव्हा आजोबा घाबरून म्हणाले, "अरे बापरे, मग गुडघे टिकतात कसे?"

त्यांना उत्तर दिले ते ताईने. ही शिकाऊ संशोधक होती. काका तिला ताई म्हणत, म्हणून सगळेच म्हणू लागले. ती म्हणाली, "आजोबा, पळताना आपला पाय स्प्रिंगसारखा वागतो. टेकला की दबतो, मग उसळून वर ढकलतो. किती भाराला किती दबला, त्यावरून तो किती ताठ आहे ते कळतं. आणि गंमत बघा, मऊ गादीवर पळालात तर पाय आपला आपण ताठ होतो, कडक जमिनीवर थोडा नरमतो."

"न सांगता?"

"न सांगता."

"घरातलं माझं कुणी इतकं ऐकत नाही," आजोबा म्हणाले.

मित्रांनो, आता माझ्या चुकीची गोष्ट सांगते. ती लपवावी असे फार वाटते, पण लपवणार नाही.

माझे रबर झिजले होते. काकांनी एका सुट्टीत एकट्याने नवे बसवले. कडा कुठे उचलू नये, म्हणून गोंद सढळ हाताने लावला. त्यातला थोडा माझ्या डाव्या कोपऱ्याच्या फटीत उतरला आणि दगडासारखा घट्ट झाला. मला काय वाटले, खरे सांगू? मला बरे वाटले. इतकी वर्षे चौघांनी मिळून पेललेले ओझे, आणि अचानक एका कोपऱ्याला कोणीतरी खांदा दिला होता.

दुसऱ्या दिवशी काका माझ्यावर उभे राहिले. पडद्यावर आले बहात्तर.

काकांनी मला दोष दिला नाही. उलट त्यांचा चेहरा फुलला. महिन्याभरापूर्वी त्यांनी साखर सोडली होती. "चार किलो!" ते खोलीभर सांगत सुटले. "बायको म्हणत होती, तुमच्याच्यानं होणार नाही. आता फोनच करतो." वहीत त्यांनी झोकदार अक्षरात बहात्तर लिहिले. पुढे रोज बहात्तरच येत राहिले, आणि रोज तेच येते म्हणजे सगळे ठीक आहे, असे सर्वांनी धरले.

त्याच आठवड्यात बंबवाली आली.

ती आगीच्या बंबावर काम करायची. शिडीवरून पडून तिची डावी नडगी मोडली होती. हाड जुळले होते, पण तिच्या खात्याची अट होती, की पळताना दोन्ही पायांच्या ताठपणात दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. तीन चाचण्या मिळणार होत्या. तिन्हींत नापास झाली, तर तिला कायमचे फोनवर तक्रारी घ्यायला बसवणार होते.

"फोनवर बसणं वाईट नाही," ती ताईला म्हणाली. "पण पंधरा वर्षं मी घंटा वाजली की पळाले आहे. आता घंटा वाजायची आणि मी नुसतं 'पत्ता सांगा' म्हणायचं?"

तिची डावी पावले माझ्या डाव्या बाजूला पडली. तिथले थोडे ओझे गोंद परस्पर उचलत होता. उजवा पाय पक्का भरला, डावा अठरा टक्के नरम. नापास. महिन्याने ती पुन्हा आली. रोज जिने चढली होती, एका पायावर उड्या मारल्या होत्या. सतरा टक्के. पुन्हा नापास.

ताईच्या लक्षात कसे आले नाही, असे तुम्ही विचाराल. तिच्या स्वतःच्या अभ्यासात सगळ्यांचा उजवाच पाय मोजायचा होता. डावा पाय मोजायला देणारी त्या दिवसांत एकटी बंबवालीच होती.

मी ओरडून सांगू शकत नव्हते. मला जे विचारतात तेवढेच मी सांगते, आणि कोपऱ्यांबद्दल मला कोणी विचारले नव्हते.

सातव्या आठवड्यात तिसरी चाचणी झाली. बंबवाली बारा वेळा पळाली. ताई पडद्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "सतरा."

बंबवाली बाकावर बसली आणि बुटाच्या नाड्या सोडू लागली. "माझा पाय मला सांगतोय की तो बरा आहे. घरी जिना चढते तेव्हा डावाच पुढे असतो. पण तुमच्या यंत्रापुढे माझ्या पायाचं कोण ऐकणार?"

तिला धीर द्यावा म्हणून काका पुढे आले. "मन छोटं करू नकोस गं. चिकाटी लागते. माझंच बघ. साखर सोडली, चार किलो उतरलो."

बंबवालीने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिले. डोळ्यांत पाणी होते, तरी तिला राहवले नाही. "काका, चार किलो गेले कुठे? पोट जिथल्या तिथे आहे. पट्टासुद्धा त्याच भोकात."

"काहीतरीच! आतून उतरलोय मी."

"कधीपासून?" ताईने विचारले. तिचा आवाज बदलला होता.

"कधीपासून म्हणजे? एका रात्रीत. रबर बदललं ना, त्याच्या दुसऱ्या..." काका बोलता बोलता थांबले.

ताई म्हणाली, "काका, बूट काढा. आज मधे नाही. एकेका कोपऱ्यावर उभे राहा."

काका माझ्या उजव्या कोपऱ्यावर उभे राहिले. चौऱ्याहत्तर. पुढच्यावर पंचाहत्तर. त्याच्या पुढच्यावर चौऱ्याहत्तर. शेवटी ते डाव्या कोपऱ्यावर आले, आणि पडद्यावर पासष्ट उमटले.

"इतका बारीक तर मी लग्नातही नव्हतो," काका पुटपुटले.

रबर उचलले. ताईने पालथे पडून फटीत टॉर्च धरला. "गोंद," ती म्हणाली. काकांनी करवतीचे पाते आणले आणि गुडघे टेकून फट कोरू लागले. गोंदाचा पिवळा तुकडा निघाला, तो जेमतेम करंगळीच्या पेराएवढा. माझा कोपरा मोकळा झाला. सगळे ओझे पुन्हा माझ्यावर आले, आणि मित्रांनो, या वेळी ते मला हवे होते. ताईने कपाटाची किल्ली शोधली, खरी वजने काढली आणि मला पाच ठिकाणी तपासले. पाचही ठिकाणी बरोबर.

"दमली असशील," ती बंबवालीला म्हणाली. "उद्या येतेस?"

"नाड्या बांधते आहे, दिसत नाही का?" बंबवाली म्हणाली.

ती पळाली. धप्, पाव सेकंद, आणि गेली. पुन्हा धप्. मी तिचा एकेक पाय सगळ्या अंगाने तोलला, काही राखून ठेवले नाही. ताईने आकडे तीनदा तपासले. डावा पाय उजव्यापेक्षा चार टक्के नरम होता, आणि इतका फरक धडधाकट माणसांतही असतो.

आधीच्या तिन्ही चाचण्या रद्द धराव्यात, चूक आमच्या यंत्राची आणि आमच्या तपासणीची होती, असे पत्र ताईने त्याच दुपारी खात्याला लिहिले. आपली स्वतःची सात आठवड्यांची मोजणीही तिने काढून टाकली. ती परत करायला तिला अख्खा हंगाम लागला. काका बंबवालीपुढे येऊन उभे राहिले. "सात आठवडे, पोरी. माझ्या हातानं."

"काका, चहा करा," ती म्हणाली. "आणि तुमच्या कपात दोन चमचे साखर घाला. माझ्यादेखत."

ती बंबावर परत गेली.

आता मी खरोखर म्हातारी झाले आहे. मोठ्या खोलीत नव्या फळ्या आल्या आणि मला खालच्या वर्गात हलवले. तिथे दोन वर्षे माझ्यावर मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. खुर्च्या काही पाहुण्यांसारख्या नसतात, त्या आल्या की जातच नाहीत. अलीकडे मात्र पहिल्या वर्षाची मुले माझ्यावर उड्या मारून शिकतात. ताई आता त्यांना शिकवते. पहिल्या तासाला ती त्यांना उडी मारू देत नाही. ती त्यांना माझी फट साफ करायला लावते आणि वजने पाच जागी ठेवायला लावते. मुले कंटाळतात, एकमेकांना कोपर मारतात. मला मात्र तो तास सगळ्यांत आवडतो.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंवर तुम्ही विश्वास टाकता, याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण नुसता विश्वास टाकून आमची काळजी घेतल्यासारखे होत नाही. आम्हाला झाडा, पुसा, आणि आमचे उत्तर तुमच्या मनासारखे आले, की त्या दिवशी तर आम्हाला दोनदा तपासा. तो गोंद कोरून काढायला काकांना दहा मिनिटे लागली होती. ती दहा मिनिटे कोणी आधी काढली नाहीत, म्हणून एक बाई सात आठवडे आपल्या धडधाकट पायावर रागावून जिने चढत राहिली.