फक्त बाहेरच्या मेल

भागुबाई स्विमिंग पूलच्या काठावर करंट लागून गेली. कुसगावच्या आमच्या रिसॉर्टमध्ये ती पूल साफ करायची. पाण्याखालच्या दिव्यात करंट उतरला होता, आणि दिवे मेंटेनन्सच्या हनुमंतभाऊंकडे, म्हणून पोलिसांनी भाऊंना चौकशीला नेलं. भाऊ एकच सांगत होते. पूल बंद करा, दिव्यात करंट येतोय, अशा दोन मेल त्यांनी दोन महिन्यांपूर्वी मॅनेजरला केल्या होत्या.

त्या मेल आता कुठेच नव्हत्या. मॅनेजरच्या मेलबॉक्समधून गेल्या, भाऊंच्याही गेल्या. मेंटेनन्सच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड भिंतीवर लिहिलेला. कोणी पुसल्या हे मी सांगायला नको.

रिसॉर्टचे कॉम्प्युटर आणि मेलचा सर्व्हर मी सांभाळते. चौकशीतून सुटल्यावर भाऊ थेट माझ्या टेबलाशी आले. "ताई, तुमच्याकडं कापी आसंल ना? तुमीच म्हणालता, समद्या मेल जपून ऱ्हात्यात."

मी म्हणाले होते, आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते. भाऊ तक्रार कागदावर लिहायचे आणि दुसऱ्या प्रतीवर मॅनेजरची सही घेऊन ती फायलीला लावायचे. मला हसू यायचं. आता सर्व्हरवर जर्नलिंग आहे, प्रत्येक मेलची प्रत आपोआप वेगळ्या मेलबॉक्समध्ये पडते, कशाला कागद नासता? त्यांनी माझं ऐकलं.

मी तो मेलबॉक्स उघडला. ट्रॅव्हल एजंटांच्या मेल, लग्नाच्या बुकिंगच्या मेल, चादरी पुरवणाऱ्याच्या मेल. रिसॉर्टमधल्या माणसाने रिसॉर्टमधल्याच माणसाला लिहिलेली एकही नाही. तेव्हा आठवलं.

मेल सर्व्हरचं आमचं आधीचं लायसन्स साधं होतं. त्यात निवड नव्हती, सगळ्याची प्रत पडायची. पण आमच्याकडे रोज सकाळी अख्ख्या स्टाफला गुलाबाची फुलं आणि सुविचार पाठवायची चाल, त्यानेच मेलबॉक्स तुडुंब भरायचा. दिवाळीत, भाऊंनी त्या मेल करण्याच्या आधीच, मी हट्टाने वरचं लायसन्स घ्यायला लावलं. त्यात तीन पर्याय होते: सगळ्या मेल, फक्त आतल्या, फक्त बाहेरच्या. मी तिसरा निवडला. मोठी शहाणी ना मी. भाऊंना सांगावं हे डोक्यातही आलं नाही, कारण आतल्या मेल म्हणजे माझ्या लेखी फुलंच.

हे ऐकून भाऊ भांडले नाहीत. "मंजे न्हाई," एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दुपारी मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. कागद टाइप करून तयार होता: सर्व्हरच्या जर्नलमध्ये अशी कोणतीही मेल आढळली नाही. खाली माझं नाव, यशोधरा ओव्हाळ.

"यात काही खोटं आहे का?" त्याने विचारलं.

"नाही. पण आतल्या मेलची प्रत आपण ठेवतच नाही, हेही लिहायला हवं."

"लिहा की. कोणी बंद केली तेही लिहा. बाईचा जीव गेलाय, मॅडम. पोलीस मग तुम्हालाही बोलावतील."

मला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. मी सही केली. कागदावर एक अक्षरही खोटं नव्हतं.

संध्याकाळी भाऊंना अटक झाली. इन्स्पेक्टरने तो कागद त्यांना मोठ्याने वाचून दाखवला, म्हणे, खालच्या नावासकट.