बाटलीतला पारा

सासरे रक्तदाब मोजायची यंत्रं दुरुस्त करायचे. ते गेल्यावर त्यांचं टेबल आवरताना सासूबाईंच्या हाती एक बुटकी बाटली लागली. शाईची असेल म्हणून सहज उचलली, तर हातच खाली ओढला गेला. आत पारा होता.

"देते बेसिनमध्ये ओतून," त्या म्हणाल्या. "ह्यांचा चढलेला पारा जन्मभर सोसला, आता हा कशाला?"

सुनेनं बाटली हलकेच काढून घेतली. "आई, हा गटारातून नदीत जाईल आणि माशांबरोबर आपल्याच ताटात येईल. घातक कचऱ्याच्या केंद्रात देऊ."

चिंध्यांत गुंडाळलेली बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात घालून दोघी निघाल्या. केंद्रात रंगांचे डबे, फुगलेल्या बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधं वेगवेगळ्या पिंपांत पडत होती. तिथल्या रसायनतज्ज्ञ बाईंनी बाटली हातात तोलली आणि त्या थबकल्या.

"आजी, एवढा पारा जमवायला आम्हाला लाखभर ट्यूबलाइट लागतात."

त्यांनी दोघींना एका जाड काचेपाशी नेलं. पलीकडे बंद यंत्रात ट्यूबा फुटत होत्या. काच बाजूला पडत होती, आतली पांढरी भुकटी भट्टीत जात होती. भट्टीतली पाऱ्याची वाफ थंड नळीत शिरायची आणि नळीच्या टोकाशी डोळ्यांना दिसेल न दिसेल असा एक थेंब चमकायचा. सासूबाईंनी चष्मा काचेला टेकवला.

"आणि ह्यांच्या बाटलीचं काय?"

बाईंनी पारा एका पारदर्शक भांड्यात गंधकाच्या पिवळ्या भुकटीवर सोडला, झाकण आवळलं आणि भांडं फिरायला लावलं. चांदीचा गोळा फुटला, बारीक बारीक होत गेला. पिवळं हळूहळू काळवंडलं.

"डोंगरातही हा असाच असतो, गंधकाशी बांधलेला," बाई म्हणाल्या. "माणसानं सोडवला, आम्ही परत बांधतो. मग खोल, कोरड्या जमिनीत ठेवतो."

सासूबाई काळ्या भुकटीकडे वाकल्या.

"डोंगरातून आलेला पाहुणा," त्या पुटपुटल्या, "आणि मी त्याच्याशेजारी रोज चहाचा कप ठेवत होते."

सुनेनं त्यांच्या कोपराला हात लावला. "निघायचं ना?"

"थांब गं. त्या नळीच्या टोकाशी अजून एक थेंब चकाकतोय."