खणाखालची धग

मी बोलतोय, धारवाडच्या माळमड्डीतला एक छोटा लॅपटॉप. बोलताना मध्येच पंखा घरघरला तर मनावर घेऊ नका. मला स्वस्थ बसता येत नाही. मी स्वस्थ बसू नये म्हणूनच तर मला निवडलं, आणि त्यातच एकदा माझ्या जिवावर बेतलं.

जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला. तिथलं काही आठवत नाही. आठवतं ते हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातलं काचेचं कपाट, आणि २००९ च्या उन्हाळ्यात त्यासमोर घुटमळणारे जयतीर्थ सर. पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. दोनदा आले आणि दोनदा रिकाम्या हातांनी गेले. मोठा लॅपटॉप न्याहाळायचे, मला उचलून बघायचे, परत ठेवायचे.

"हलका हवा. घरी मिसेसना मांडीवर घेता आला पाहिजे. पण अगदीच दुबळा नको... की मोठाच घेऊ?"

दुकानातला सागर हसला. "सर, पत्रं, फोटो, मुलाशी बोलणं, एवढ्याला हा भरपूर. खिशालाही बरा. रॉकेट सोडायचंय का तुम्हाला?"

"आणि काम नसेल तेव्हा हा काय करतो?"

"काय करणार सर? नुसता बसतो."

सरांचा चेहरा उतरला. निवृत्त झाल्यापासून तेही नुसतेच बसून होते. रिकाम्या संगणकांचा वेळ जगभरातली माणसं संशोधनाला दान देतात, असं त्यांनी वाचलं होतं. ते त्यांनी चाचरत सांगितलं. सागर म्हणाला, "द्या की. पण निम्म्या जोरावर चालवा सर. ह्याचा जीव लहान आहे."

असा मी घरी आलो. सकाळी सर पत्रं लिहीत. रविवारी मुलगा सुधींद्र आणि नात स्मृती माझ्या पडद्यावर येत. उरलेला वेळ मी गणितं करी. दूरच्या प्रयोगशाळेतून इंटरनेटवरून एक तुकडा येई. तो सोडवून मुदतीत परत पाठवायचा. शरीरातल्या प्रथिनांना घड्या कशा पडतात, याची ती गणितं. घडी चुकली की कंपवातासारखे रोग होत असावेत, असा त्या लोकांचा तर्क होता.

सरांच्या पत्नी हेमावतीबाईंचा उजवा हात कापे. दारातली रांगोळी वाकडी होई. एकदा त्यांनी विचारलंच, "ह्याच्या गणितानं माझा हात थांबेल का हो?"

"तुझा नाही गं. त्याला फार वर्षं लागतील."

"मग कुणाचा तरी थांबेल. चालू दे."

पण सरांना धीर कुठला! दर घटकेला येऊन बघत, किती टक्के झालं. आपलं आयुष्य शिकवण्यात गेलं, हातून नवं काहीच झालं नाही, ही त्यांची टोचणी. शेजारचे अप्पाजी चिडवत, "काय जयतीर्थाचार्य, नापास झालं का तुमचं पोर? फुकटची हमाली ही! बिड्री, सोडून द्या."

खंडेनवमी जवळ आली. हाती घेतलेला तुकडा रेंगाळला होता. दसऱ्याच्या दुपारी मुदत संपणार होती. सरांनी मला निम्म्या जोरावरून पुऱ्या जोरावर टाकलं.

नवमीला देवापुढे पाट मांडला. विळी, अडकित्ता, बाईंची कात्री, सरांची आकडेमोडीची जुनी पट्टी, म्हणजे स्लाइड रूल, आणि शेवटी मी. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती. दसऱ्याला पुन्हा पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही.

"ह्यालाही झोपवा आज," बाई म्हणाल्या.

"आपण हात नाही लावायचा. तो आपला आपण चालू राहील."

"देवापुढे लबाडी?" असं म्हणत त्या हसल्या. माझं झाकण मिटलं, तरी आतून मी जागाच होतो. बाईंनी मला हळदकुंकू लावलं, शेवंतीची फुलं वाहिली आणि वरून गुळेदगुड्डचा जरीकाठी खण पांघरला. कौतुकाने, चारी बाजूंनी नीट खोचून.

माझा श्वास कोंडला. पंखा गरगरू लागला, पण गरम वारा जाणार कुठे? पुऱ्या जोराचं काम डोक्यावर, अंगाखाली लाकूड, अंगावर कापड. फुलं सुकायला लागली.

सरांना पंख्याची गरगर ऐकू येत होती. ते देवघराच्या दारापाशी येत, वळत, पुन्हा येत. जन्मभर वर्गात उष्णता शिकवलेला माणूस. खणाखाली काय चाललंय हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? हात पुढे होई आणि मागे येई. अखेर ते स्वतःशीच पुटपुटले, "माझा विश्वास नाही यावर. पण नेम मोडला आणि तिचा हात आणखी बिघडला तर?"

नैवेद्याचं ताट घेऊन बाई आल्या. ताट ठेवताना त्यांचा हात खणाला लागला.

"अय्यो! अहो, हा तर फणफणलाय! नुसते उभे काय राहिलात?"

"आज हात लावायचा नाही ना..."

"तापलेल्या लेकराला हात लावायचा नाही, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?"

त्यांनी खण ओढून काढला. माझं झाकण उघडलं, पण थरथरतं बोट बटणावर ठरेना. सरांनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. दोघांनी मिळून मला विझवलं.

दसऱ्याची पूजा झाल्यावर मी पुन्हा सुरू झालो. काम बरंचसं शाबूत होतं, पण मुदतीत पुरं झालं नाही. तुकडा दुसऱ्या कुणाकडे गेला. सर माझ्यासमोर खाली मान घालून बसले. "हेही जमलं नाही मला."

"कुणीतरी करतंय ना?" बाई म्हणाल्या. "मग झालं. दुसरा तुकडा मागा. आणि ह्याला जरा उंचावर ठेवा."

तेव्हापासून माझ्या पायांखाली दोन लाकडी पट्ट्या आहेत. पंखा खडखडतो, त्या दिवसानंतर तो पूर्वीसारखा झालाच नाही. मी निम्म्या जोरावर चालतो, तरी बहुतेक तुकडे वेळेत जातात. त्यांचा कुणाला उपयोग होतो का, ते मला माहीत नाही. सरांनाही नाही.

तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद रिकामा बसला असेल, तर त्याला जरूर कामाला लावा. पण श्वासापुरती जागा सोडा. आमच्याकडे रोज दिवेलागणीला बाई माझ्या पाठीवर तळवा ठेवून ताप बघतात. त्यांचा हात कापत असतो, मीही आतून थरथरत असतो. दारातून सर विचारतात, "तापलाय का गं?"

"नाही हो," बाई म्हणतात, "कामात आहे."